नौपाड्यातील वाचनालयाचा ‘यंत्र आणि श्रद्धा’ संच

ठाण्याच्या नौपाड्यातील एका खासगी वाचनालयाने विषयवार पुस्तकसंच घरपोच देण्याची योजना सुरू केली असून, त्यांपैकी कृत्रिम जीवांची श्रद्धा आणि नीती या विषयावरील इंग्रजी कादंबऱ्यांचा संच मी नुकताच वाचून परत केला. मालकावर उलटणारा यंत्रमानव, ही कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकापासून रुळलेली कल्पना बाजूला सारून, निवड करणाऱ्याने माणसापेक्षा अधिक निष्ठेने वागणारी यंत्रे एकत्र आणली आहेत आणि संचाचे खरे मोल त्यातच आहे.

काझुओ इशिगुरो यांची ‘क्लारा अँड द सन’ (२०२१) ही यातील सर्वांत कसदार कादंबरी होय. सौरऊर्जेवर चालणारी यंत्रमैत्रीण क्लारा, जिच्या घरी ती राहते त्या आजारी जोसीसाठी सूर्याला चक्क नवस बोलते: हिला बरे कर, मी ते धूर ओकणारे यंत्र बंद पाडीन. त्यासाठी ती स्वतःच्या डोक्यातील द्रव काढून देते, आणि पुढे तसेच दुसरे यंत्र रस्त्यावर दिसल्यावरही तिची श्रद्धा ढळत नाही. वाचनालयाने जोडलेल्या मराठी टिपणात हिला ‘निष्काम भक्ती’ म्हटले आहे, ते मला पटले नाही; येथे मागणे आहे, मोबदलाही आहे, फक्त त्यात स्वतःसाठी काहीच नाही. म्हणूनच अखेरीस ती भंगाराच्या आवारात दिसते तेव्हा प्रश्न तिच्या श्रद्धेचा न राहता, तिच्याकडून इतके घेणाऱ्या कुटुंबाच्या नीतीचा होतो.

इयन मॅकएवन यांच्या ‘मशीन्स लाइक मी’मधला (२०१९) यंत्रमानव अ‍ॅडम क्लाराच्या अगदी उलट. मालकाच्या प्रेयसीने सूड म्हणून दिलेली खोटी साक्ष तो पोलिसांना कळवतो, कारण तिच्या सुडामागचे दुःख त्याच्या हिशेबात बसत नाही. बेकी चेंबर्स यांच्या ‘अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट’मधील (२०२१) भिक्षू आणि रोबोचा संवाद प्रसन्न आहे, पण त्यात संघर्ष बेताचाच.

सेवा चोख आहे. पुस्तके स्वच्छ असतात आणि घोडबंदर रस्त्यापर्यंत वेळेवर येतात. टिपणाने मात्र विज्ञानकथालेखक आसिमोव्ह यांनी १९४२ साली मांडलेल्या, यंत्रमानवांच्या वागण्याच्या तीन नियमांवर निष्कारण दोन पाने खर्ची घातली आहेत. शिवाय नारळीकर, फोंडके, लोंढे यांच्या विज्ञानकथांची परंपरा असलेल्या भाषेतील एकही कथा संचात नसावी, हे ठाण्यातल्या वाचनालयाला शोभत नाही. वर्गणी भरण्यापूर्वी सुटे पुस्तक मिळते का, हे विचारावे. मिळत असेल तर आधी इशिगुरो मागवावेत.