नंबरच्या चष्म्यासकट स्कायडायव्हिंग: आठ महिन्यांत काय टिकलं, काय अडगळीत गेलं

चार जोड्या आलटूनपालटून वापरल्या. चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल आणि ओपन-फेस हेल्मेट, चष्म्यासकट फुल-फेस हेल्मेट, एका दिवसाच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आणि छोटा गॉगल, आणि नंबरची भिंगं बसवलेला गोलाईचा स्पोर्ट्स गॉगल. वापरणाऱ्यांचे नंबर वजा साडेचार ते वजा आठ, आणि निम्म्यांना चाळिशी लागलेली.

गॉगल घेताना सगळं लक्ष फ्रीफॉलकडे, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीच्या पडण्याकडे असतं. पोटावर पडताना ताशी १९०-२०० किलोमीटरचा वारा अडवायचा असतो, हे खरं. पण तो अडतोय की नाही, हे पहिल्याच उडीत कळतं. डोळ्यांवरच्या वस्तूची खरी परीक्षा त्यानंतर होते: मनगटावरचा अल्टिमीटर (उंचीमापक) वाचताना आणि उतरतानाच्या शेवटच्या पंधरा फुटांत. जी जोडी फ्रीफॉलमध्ये सगळ्यात सुखाची वाटली, तीच उतरताना सगळ्यात वाईट ठरली. म्हणून सुरुवात उतरण्यापासून.

प्रोग्रेसिव्ह आणि बायफोकल घालून उडू नका

टॉगल (पॅराशूट वळवायच्या दोऱ्यांच्या मुठी) ओढून फ्लेअर करायची, म्हणजे टेकण्याआधी वेग मारायची उंची पॅराशूटप्रमाणे बदलते, पण साधारण १० ते १५ फूट धरा. नजर पायांखाली न ठेवता पुढे तिरकी ठेवायची असते. तरी शेवटच्या दोन सेकंदांत डोळे खाली घसरतातच, आणि प्रोग्रेसिव्ह भिंगाच्या खालच्या भागात असतो वाचायचा नंबर. जमीन पुसट होते आणि मोठी दिसते, म्हणजे आहे त्यापेक्षा जवळ वाटते. मग फ्लेअर उंचावर होतो. अशा वेळी टॉगल एकदम वर सोडणं ही त्याहून मोठी चूक, कारण पॅराशूट पुढे झेप घेतं आणि माणूस आपटतो. हात आहेत तिथेच रोखायचे, जमीन जवळ आली की उरलेला फ्लेअर पुरा करायचा आणि पाय जोडून लोळत उतरायची तयारी ठेवायची.

उपाय साधा आहे. उडीसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. अल्टिमीटर धूसर दिसेल, ही तक्रार खरी आहे. त्यावर दोन गोष्टी चालल्या. एक, मोठ्या आकड्यांचा डिजिटल अल्टिमीटर. दुसरी, काट्याचा साधा अल्टिमीटर. काटा घड्याळासारखा असतो, आकडा पुसट असला तरी त्याची दिशा कळते आणि लाल पट्टा चुकत नाही. चाळिशीवाल्यांना शेवटी काट्याचाच जास्त रुचला. त्याच्या जोडीला ठरलेल्या उंचीला कानाशी वाजणारा ऑडिबल हवाच, पण नजर टाकायची सवय सोडून त्याच्यावर विसंबू नका.

एका डोळ्याला लांबचा आणि दुसऱ्याला जवळचा नंबर, अशी कॉन्टॅक्ट लेन्सची मोनोव्हिजन जोडी काहींना रोजच्या कामात आवडते. उतरताना मात्र खोलीचा अंदाज दोन्ही डोळ्यांच्या सारख्या स्पष्टपणावर चालतो. ही जोडी बाद.

नवा नंबर लागला असेल तर तो चष्मा आधी आठवडाभर जमिनीवर घाला, जिने चढा-उतरा. वजा नंबर वाढला की सगळं किंचित लहान आणि दूर दिसतं. मेंदूला ते पचायला दिवस लागतात, आणि तोवर फ्लेअरची उंची डोळ्यांवर सोडणं जोखमीचं.

चष्म्यावरून घालायचा गॉगल

स्वस्त, टिकाऊ, आणि मऊ प्लास्टिकचा असला तर चेहऱ्याला छान बसतो. तीन ठिकाणी तो फसतो. पहिलं, रुंद फ्रेम. काड्यांचे बिजागर गॉगलच्या कडेला टेकले तर तिथे फट राहते, वारा आत शिरतो आणि डोळ्यांतून धारा लागतात. फ्रेम चेहऱ्याहून अरुंद आणि भिंगाची उंची कमी असेल तर गॉगल चहूबाजूंनी टेकतो. दुसरं, नाक. गॉगल चष्म्याला दाबतो, नाकावरचे सुटे पॅड रुततात. एकसंध, मऊ नाकपट्टी असलेली फ्रेम जास्त सुखाची.

तिसरं कुणी सांगत नाही. दाबामुळे भिंग डोळ्याच्या जवळ सरकतं आणि नंबर बदलल्यासारखं होतं. वजा आठच्या भिंगात ४ मिलिमीटर सरकलं तर जवळपास पाव नंबरचा फरक पडतो. वजा तीनला तो जाणवतही नाही. मोठा नंबर असेल तर नंबर तपासताना हा चष्मा गॉगलखाली चेहऱ्याच्या जवळ बसतो, हे चष्मेवाल्याला आधीच सांगा.

गॉगलचा पट्टा हेल्मेटच्या आत घ्या. बाहेर राहिला तर वारा आणि शेजाऱ्याचा हात दोघेही त्याला ओढतात. पट्टा काड्यांना न टेकता त्यांच्या वरच्या बाजूने, कानाच्या वरच्या टोकाशी जावा. काडीवरूनच गेला तर वीस मिनिटांत कानामागे ठणका सुरू होतो. चष्म्याला मागून लवचिक दोरी बांधा, पण सैल. घट्ट दोरीने चष्मा कपाळाकडे चढतो.

फुल-फेस हेल्मेट आणि काड्या

हेल्मेट घ्यायला जाताना उडीचा चष्मा बरोबर न्या आणि वीस मिनिटं घालून बसा. पाच मिनिटांत सगळीच हेल्मेटं छान वाटतात. डोक्याचा घेर भुवयांच्या थोडं वर, सगळ्यात रुंद जागी मोजा. हनुवटीचा पट्टा लावून डोकं जोरात डावी-उजवीकडे झटकलं की गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे, हेल्मेट कातडीवर घसरता कामा नये.

फुल-फेसमध्ये चष्मा शेवटी घालायचा. हेल्मेट चढवा, वायझर (चेहऱ्यापुढचा पारदर्शक पडदा) उघडा, काड्या समोरून सरळ आत सरकवा. इथे काडीचा आकार निर्णायक ठरतो. कानामागे वळणारी काडी अस्तरात अडकते आणि कान दुमडते. सरळ, चपटी, पातळ काडी सुरीसारखी आत जाते. त्याच चष्म्याच्या काड्या बदलून घेतल्यावर जी सोय झाली, ती महागडं हेल्मेट बदलूनही झाली नव्हती. धातूची काडी पातळ असते, पण तिचं टोक कवटीला टोचतं, म्हणून टोकाला सिलिकॉनची टोपी हवी.

ऑडिबलचा खिसा आणि काडी एकाच जागेसाठी भांडतात. ऑडिबल कानाच्या खाली किंवा मागे बसेल असं हेल्मेट पाहा. अस्तराचा मऊ फोम काडीपुरता किंचित खोबणी करून कापता येतो. पण त्याच्या आतला धक्का सोसणारा कडक फोम कधीही कापू नका, खरवडू नका. हेल्मेट विकत घेण्याचं कारणच ते आहे. त्यातही अनेक स्कायडायव्हिंग हेल्मेटांवर धक्क्याचं कोणतंही मानक नसतं, ती फक्त टरफलं असतात. खरेदीआधी ईएन ९६६ किंवा स्कायडायव्हिंगसाठीचं एक्सपी एस ७२-६०० लिहिलंय का, ते आतलं लेबल उलटून बघा.

आणखी एक तपासणी जमिनीवरच करायची. सगळं सामान चढवून खाली छातीकडे बघा. उजवीकडचं कटअवे हँडल (बिघडलेलं मुख्य पॅराशूट सोडून द्यायचं) आणि डावीकडचं रिझर्व्हचं, म्हणजे राखीव पॅराशूटचं हँडल दिसतंय? हनुवटीचा भाग आणि चष्म्याची खालची कड मिळून नेमकी तीच जागा झाकतात. जाड कडांच्या फ्रेममध्ये उजवं हँडल अर्धं गायब होतं. खालची कड नसलेल्या फ्रेमने ही अडचण बरीच कमी झाली. पण कोणतीही फ्रेम असो, बघा-पकडा-ओढा हा सराव हेल्मेट आणि चष्म्यासकट करा, नुसत्या डोळ्यांनी नको.

वाफ

आठ महिन्यांत सगळ्यात जास्त वैताग वाफेने दिला, आणि ती दोन वेगळ्या वेळी धरते. विमानात वर जाताना श्वासाची वाफ वायझरवर आणि चष्म्यावर बसते. यावर वायझर शेवटपर्यंत उघडा ठेवणं हाच खरा इलाज. दरवाजा उघडायच्या वेळेस बंद करा आणि खटका बसला का ते बोटाने दाबून बघा.

दुसरी वेळ जास्त फसवी. ४,००० मीटरवर हवा जमिनीपेक्षा सुमारे २५ अंशांनी थंड असते. मिनिटभराच्या फ्रीफॉलमध्ये वायझर गार पडतो आणि दमट दिवशी खाली आल्यावर त्याच्यावर बाहेरूनही पाणी धरतं. पॅराशूट उघडून तपासलं की लगेच वायझर उघडा. चष्म्याची भिंगं मिनिटभरात स्वच्छ होतात, आणि उतरायला तेवढा वेळ असतो. एका हाताने, हातमोजा घालून उघडता येत नसेल तो वायझर चष्मेवाल्यांसाठी नाही.

वाफरोधक फवारे बरेच वापरून पाहिले. भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब, पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपलेला, एका दिवसापुरता तितकाच चालतो. अमोनियावाले काच-स्वच्छक पॉलिकार्बोनेट वायझरजवळ आणू नका, त्याने बारीक तडे जातात. दुहेरी पडद्याचा वायझर मिळत असेल तर जास्तीचे पैसे द्या. बाकीच्या सगळ्या खर्चापेक्षा तो वसूल झाला.

भिंगं आणि रंग

काचेची भिंगं नकोतच. पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स, ही धक्का सोसणारी प्लास्टिकं घ्या. पॉलिकार्बोनेट पातळ होतं, पण त्याचा ॲबे अंक (जितका कमी, तितके रंग जास्त फाकतात) ३० च्या आसपास, त्यामुळे मोठ्या नंबरला कडेकडून बघताना रंगांची झालर दिसते. ट्रायव्हेक्स किंचित जाड, पण कडांना स्वच्छ. नंबरचा गोलाईचा स्पोर्ट्स गॉगल वजा चारपर्यंत मजेत चालतो. त्यापुढे कडेला जमीन वाकडी दिसू लागते, आणि सिलिंडर नंबर असेल तर लवकरच.

उन्हात काळी होणारी भिंगं वायझरआड निरुपयोगी आहेत: पॉलिकार्बोनेट अतिनील किरण अडवतं, मग भिंग काळं कशाने होणार? पोलराइज्ड भिंगातून काही डिजिटल अल्टिमीटरचा पडदा विशिष्ट कोनात काळा दिसतो. घ्यायच्या आधी मनगट फिरवून बघा.

कॉन्टॅक्ट लेन्स

बहुतेकांना आरामाच्या बाबतीत याच पहिल्या वाटतील. हेल्मेटात काडी नाही, कडेची नजर मोकळी. एका दिवसाच्या मऊ लेन्स घ्या, सुटी जोडी जवळ ठेवा, चढताना डोळे मिचकावत राहा, कोरड्या लेन्सने दिसणं धूसर होतं. कडक लेन्स लहान असते, तिच्याखाली धूळ गेली तर डोळा उघडता येत नाही, म्हणून टाळा. वजा आठच्या चष्म्याला लेन्स साधारण वजा सव्वासात लागते. चष्म्याचाच नंबर लेन्सला घेऊन बसू नका.

गॉगल उडालाच तर काय उरतं, हे आधी ठाऊक हवं. वजा तीनवाल्याला उघड्या डोळ्यांनी सुमारे ३३ सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसतं, म्हणजे मनगट जवळ आणून अल्टिमीटर वाचता येतो, उतरायची जागा मात्र धुक्यात. लांबचा नंबर नसलेल्या, नुसती चाळिशी लागलेल्याचं याच्या उलट. दोघांनीही ठरलेल्या उंचीला पॅराशूट उघडायचं, गॉगल शोधत बसायचं नाही.

वजा सहाच्या पुढे असाल तर सुरुवातीलाच डोळ्याची बाहुली मोठी करून आतला पडदा (रेटिना) तपासून घ्या. मोठ्या वजा नंबरात पडदा सुटण्याचा धोका जास्त असतो. उडीनंतर डोळ्यांत चमका, काळे ठिपके किंवा कडेला पडदा ओढल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, पुढची उडी नको.

आठ महिन्यांनी बदलावं लागलेलं सामान असं: मोठ्या गॉगलचा पट्टा सैल, त्याचा फोम कडेने सुटलेला, वायझरवर बारीक ओरखडे, आणि चष्म्याचं चकाकीरोधक कोटिंग साबण-घामाने सोलत आलेलं. चष्मा त्यानंतर तपासला, तर भिंगं ठीक, बिजागराचे स्क्रू मात्र दोन्हीकडून ढिले. आता दर दहा उड्यांनी ते घट्ट करतो.