चिकट पॅड घेताय? पालीचं काय होतं ते आधी वाचा

आमचं खानापुरात जुनं कौलारू घर, पावसाळा लागला की झुरळं काय विचारू नका, मोरीपासनं फडताळापर्यंत नुसती पळापळ. म्हणून बेळगावला खडेबाजारात गेलो होतो तेव्हा हे पुस्तकासारखे उघडायचे चिकट पॅड दोन आणले. पाकिटावर उंदीर, झुरळ आणि पाल, तिघांची चित्रं. पाल कशाला घातली त्यात?

पहिल्याच रात्री एक पॅड फ्रिजमागं ठेवला. सकाळी बघतोय तर तीन बारकी झुरळं आणि एक पाल. झुरळं खायलाच आली असणार ती. चारी पाय, पोट, हनुवटी सगळं चिकटलेलं, शेपूट तुटून बाजूला, आणि बरगड्या भराभर वरखाली व्हायलेत म्हणजे जीव होता अजून. आज्जीनं बॅटरी धरली आणि मी कापसाच्या वातीनं शेंगतेल थेंब थेंब सोडत बसलो, एक पाय सुटला की पुढचा, ओढायचं अजिबात नाही, ओढलं की कातडीच निघून येते. पाऊण तास लागला. पालीच्या बोटांखाली डोळ्यांना न दिसणारे लाखो केस असतात, त्यांच्या जोरावर ती भिंत धरते, त्यात हा डिंक बसला की चालणार कशी सांगा. ओल्या फडक्यानं हलकं पुसून कपाटामागं सोडली.

पॅडला झुरळं चिकटतात, खोटं नाही. पण रोज रात्री ट्यूबलाईटखाली डास, पाखरं आणि पहिल्या पावसातली पंखवाली वाळवी मटकावणारी पाल पैसे देऊन मारायची, हे मला नाही पटत. अंगावर पडली की लोक पंचांगात शकुन बघतात, विषारी म्हणतात, पण आपल्याकडची एकही पाल विषारी नाही. हां, अन्नावर फिरली तर जंतू लागतात, म्हणून भांडी झाकायची. आपल्याच तालुक्यात, २०११ साली अभयारण्य झालेल्या भीमगडच्या बाजूला, बारापेडेच्या गुहेत जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारी वटवाघळं आहेत, ती पण किडेच खातात. त्यांचं कौतुक करायचं आणि घरातल्या पालीला डिंक लावायचा, हे बरोबर नाही ना?

दुसरा पॅड दुकानदारानं परत घेतला नाही. फेकायच्या आधी त्यावर तेल ओतून पीठ पसरलं, नाहीतर कचऱ्यात कुठली चिमणी चिकटायची. आता रात्री मोरी कोरडी करतो, जाळीवर झाकण, ओला कचरा बाहेर, झुरळं बरीच कमी झालीत.

माझ्याकडनं एकच स्टार. पाकिटावरचं पालीचं चित्र तरी काढा, आणि अडकलेला जीव तेलानं कसा सोडवायचा ते मराठीत, कन्नडमध्ये ठळक छापा.

परवा रात्री ट्यूबलाईटमागनं एक पाल आली, शेपटीच्या जागी काळसर थुटूक फुटलेलं. आज्जी म्हणाली, "तीच बघ."