जॅबनंतर काय पक्कं करायचं: क्रॉस, हुक की बॉडी?

बॉक्सिंगची पहिली लढत दोन महिन्यांवर आली की हॉलमधलं प्रत्येक पोर हाच प्रश्न घेऊन येतं, "सर, आता कोणत्या पंचवर भर देऊ?" जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, रोज करायचाच, त्याबद्दल वाद नाही. पुढचा हात सगळ्यात कमी अंतर जातो, वजन दोन्ही पायांत राहतं, नेम चुकला तरी तुम्ही जागच्या जागी सावध असता. खरी निवड त्यानंतरच्या ठोशाची आहे. दोन महिन्यांत एकच नीट बसतो. तिन्ही घोटायला गेलेली मुलं रिंगमध्ये तिन्ही अर्धे मारतात.

कुठला पंच जास्त जोरात बसतो यावरून बहुतेक जण ठरवतात. मी उलटं विचारायला सांगतो: तो बसला नाही, तर त्या क्षणी तुमचं डोकं कुठे असेल आणि हात कुठे असतील?

क्रॉस मागच्या हाताचा, सरळ रेषेत जाणारा. मागची टाच बाहेर फिरते, कंबर वळते, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. नवखा मुलगा आधी हात फेकतो आणि टाच जमिनीला चिकटूनच राहते. मग त्या ठोशात नुसता दंड असतो, अंग नसतं. मी टाचेखाली खडूची रेघ मारतो. फेरी संपल्यावर रेघ पुसलेली दिसली पाहिजे. क्रॉस लांबून पोचतो आणि जॅबच्याच वाटेने जातो, म्हणून दोन महिन्यांत हाती लागतो. चुकला तर मात्र वजन पुढे गेलेलं असतं आणि हात खालून परत आला तर उजवा गाल उघडा पडतो. समोरच्याचा डावा हुक तिथेच येतो.

जॅबशिवाय थेट मागचा हात टाकणं तर आणखी धोक्याचं, कारण त्याला जास्त अंतर जायचं असतं आणि तो निघताना दिसतो. 1974 साली किन्शासामध्ये मुहम्मद अलीने जॉर्ज फोरमनविरुद्ध पहिल्याच राउंडमध्ये तसे उजवे टाकले आणि ते बसले. आठव्या राउंडमध्ये फोरमनला आडवं करणारा शेवटचा ठोसाही उजवाच होता. पण अलीकडे ते पाय आणि ती नजर होती. पहिल्या लढतीत कुणी त्याची नक्कल करू नये.

हुक बाजूने येतो, नजरेच्या कडेबाहेरून, म्हणून तो लागतो तेव्हा तयारी नसते. कोपर काटकोनात, उंची साधारण खांद्याएवढी, पुढचा पाय फिरलेला. 8 मार्च 1971 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझियरने पंधराव्या राउंडमध्ये अलीला पाडलं ते डाव्या हुकनेच. फ्रेझियर अलीपेक्षा बुटका होता. डोकं हलवत, वाकत तो आत शिरायचा आणि मग हुक मारायचा. हे आत शिरणंच शिकायला वेळ लागतो. माझ्या पहिल्या लढतीत मी ते न शिकता हुक आवडतो म्हणून हुक मारत सुटलो. समोरचा मुलगा माझ्यापेक्षा वीतभर उंच. माझा हात वळसा घेऊन निघायचा आणि तो पोचायच्या आत त्याचा सरळ माझ्या नाकावर. तिन्ही राउंड गेले. पंच वाईट नव्हता, अंतर चुकीचं होतं.

बॉडीबद्दल, म्हणजे पोटावर-बरगड्यांवर मारायच्या ठोशांबद्दल, मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ती हौशी बॉक्सिंगमध्ये उगाच मागे पडते. त्याचं एक जुनं कारण आहे. 2013 च्या आधी जज बटणं दाबून गुण मोजायचे आणि बऱ्याच जजनी जवळजवळ एकाच वेळी दाबलं तरच गुण मिळायचा. पोटावरचा ठोसा कडेला बसलेल्या सगळ्यांना एकदम कुठून दिसणार? त्यामुळे डोक्यावर मारायची सवय लागली आणि ती त्या काळातल्या कोचांकडून आजच्या मुलांपर्यंत आली. आता राउंड जिंकणाऱ्याला 10 आणि दुसऱ्याला 9 किंवा कमी अशी पद्धत आहे, आणि पट्ट्याच्या वर स्वच्छ बसलेला ठोसा जज धरतात.

यकृत उजव्या बरगड्यांखाली असतं, म्हणून डावा हुक तिथे सरळ जातो. 2004 मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सच्या एका डाव्या बॉडी शॉटने ऑस्कर डे ला होया नवव्या राउंडमध्ये बसला तो दहा मोजेपर्यंत उठलाच नाही. डोकं शाबूत असतं, शरीर ऐकत नाही. पण बारा राउंडच्या लढतीत बॉडीवरचं काम जसं शेवटी फळ देतं, तसा वेळ तीन राउंडमध्ये मिळत नाही. पहिल्या मिनिटापासून सुरुवात करावी लागते. आणि खाली जाताना गुडघ्यातून जायचं. कंबरेत वाकलात की अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, तोंडावर आलाच समजा.

अपरकट आत्ता सोडून द्या, तो जवळ राहायला शिकल्यावरचा पंच आहे.

समोर डावखुरा आला तर हिशोब बदलतो. दोघांचे पुढचे हात एकमेकांना अडवतात, जॅब अडकतो, आणि मागच्या हाताचा सरळ हा दोघांसाठीही मोकळा रस्ता होतो. ज्याचा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला, त्याचा रस्ता जास्त मोकळा. तुमच्या वजनगटात डावखुरे बरेच असतील, तर क्रॉसच घ्या.

नाहीतर हात लांब असतील तर क्रॉस. हात आखूड, पाय चपळ आणि डोकं हलवायची सवय आधीपासून असेल तर हुक. दम चांगला आहे पण ठोशात जोर कमी, अशांना मी बॉडी देतो. दोन मनं असतील तर क्रॉस घ्या, कारण तो बिघडला तरी दुरून बिघडतो.

ठरवण्याआधी एक करून बघा. हेवी बॅगवर तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या मारा, तिसरीच्या शेवटच्या मिनिटात तुमचा निवडलेला पंच टाका आणि मित्राला फक्त एवढंच बघायला सांगा की हात परत गालापाशी येतो का. आमच्याकडे 54 किलोत एक मुलगी आहे, तिचा हुक सुरेख. याच परीक्षेत तिचा डावा हात छातीवरून परत येत होता. सध्या ती जॅब पोटावर, क्रॉस तोंडावर एवढंच करते आहे, रोज सहा फेऱ्या, आणि हुकला आम्ही पुढच्या मोसमापर्यंत हात लावणार नाही.