लॉस ओलिवोस : चार महिन्यांच्या मुक्कामानंतर

कॅलिफोर्नियातल्या सांता इनेझ खोऱ्यातलं हे गाव शनिवारी येऊन रविवारी परतणाऱ्याच्या हाती लागत नाही. चौकात मधोमध ध्वजस्तंभ, भोवती दहा मिनिटांत चालून संपणारा बाजार आणि तेवढ्यात वाइन चाखायची दोन डझनांहून जास्त दुकानं. शनिवारी गाडी लावायला जागा नसते आणि वाइन ओतणाऱ्याला बोलायला फुरसत नसते. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास या, द्राक्षाबद्दल विचाराल तेवढं सांगतात. मंगळवार-बुधवारी काही दुकानं बंद असतात, आधी चौकशी करा. पाचनंतर बहुतेकांची आवराआवर सुरू होते.

चाखायला एका वेळी साधारण ३० मिलिलिटर ओततात, अशा पाच-सहा वाइन. म्हणजे एकाच दुकानात एक मोठा ग्लास पोटात जातो, तेव्हा दिवसाला दोन दुकानं पुष्कळ झाली. चाखलेली वाइन थुंकायचं भांडं मागायला संकोच नको. बाटल्या घेतल्या की चाखण्याचे पैसे बऱ्याचदा माफ होतात; किती घ्यायला लागतात ते सुरुवातीलाच विचारा. उघडलेली बाटली गाडीत हाताशी ठेवणं बेकायदा आहे, ती डिकीत हवी. पण उन्हाळ्यात डिकी इतकी तापते की बुचं वर सरकतात आणि वाइन बिघडते. बर्फाच्या पिशव्या घातलेला थर्माकोलचा डबा न्याच.

इथल्या वाइनचं सगळं रहस्य वाऱ्यात आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतचे डोंगर बहुतेक उत्तर-दक्षिण पसरलेले, इथले मात्र पूर्व-पश्चिम. त्यामुळे खोऱ्याचं तोंड समुद्राकडे उघडं राहतं आणि धुकं थेट आत शिरतं. पश्चिमेच्या सांता रिटा हिल्समध्ये गारवा, म्हणून पिनो न्वार आणि शार्दने या जातींची द्राक्षं. मधल्या बॅलर्ड कॅन्यनमध्ये सिरा. पूर्वेच्या हॅपी कॅन्यनमध्ये उकाडा, तिथे काबर्ने. याच क्रमाने चाखलं तर फरक जिभेला स्वच्छ कळतो. नाशिकच्या सवयीने जानेवारी-मार्चमध्ये तोडणी बघायला येऊ नका, तेव्हा वेलींवर द्राक्षं नसतात. इथे ती ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालते.

मात्र वाइनइतकंच हे गाव गुराघोड्यांचं आहे, आणि आमच्या मते तीच बाजू जास्त मोलाची. फिगेरोआ माउंटन रोडने निघालं की काही मिनिटांत कुरणं लागतात. मार्च-एप्रिलमध्ये पाऊस बरा झाला असेल तर वरच्या उतारांवर केशरी पॉपी आणि जांभळी लुपिन फुलते. जूनपासून गवत वाळून सोनेरी होतं. गुरं अडवायला रस्त्यात खड्ड्यावर लोखंडी नळ्या आडव्या टाकलेल्या असतात. पाय फटीत जाईल या भीतीने गुरं त्या ओलांडत नाहीत. सायकल तिथे सरळ न्या, ब्रेक लावू नका; धुक्यात नळ्या निसरड्या होतात. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंदच ठेवा.

एवढी जमीन मोकळी राहिली त्याला १९६५चा विल्यमसन कायदाही कारण आहे. किमान दहा वर्षं शेती-गुरांसाठीच जमीन ठेवण्याचा करार केला की मालकाला कर बाजारभावाने नव्हे, शेतीच्या उत्पन्नाच्या हिशोबाने लागतो.

खाण्याची बाजू शाकाहाऱ्यांसाठी लंगडी. लाल ओकच्या निखाऱ्यांवर भाजलेलं ट्राय-टिप म्हणजे गोमांस, आणि सोबतच्या पिंकिटो घेवड्यातही बहुधा डुकराचं मांस असतं. विचारल्याशिवाय ताटात घेऊ नका.

सांता बार्बराहून यायचा १५४ क्रमांकाचा घाटरस्ता सुंदर आहे, पण जोरदार पावसात दरड आली की बंद पडतो. तेव्हा १०१ क्रमांकाच्या महामार्गावरून ब्युएल्टनमार्गे या.