दिग्रसचा झूलॉजीचा रविवार क्लास: सेल सिग्नलिंगसाठी नक्की जा

नेट-सेटसाठी सेल बायोलॉजी करायचंय पण यवतमाळ-अमरावतीले खोली करून राहणं परवडत नाही, अशांसाठी हे लिहून राहिली. क्लास एका घराच्या वरच्या माळ्यावर चालतो, बाहेर पाटीबिटी काही नाही. बाकीचे विषय ठीकठाक, बायोस्टॅट तर गाईडमधूनच वाचून दाखवतात, पण कॅन्सर पेशीच्या अ‍ॅडहेजनचा, म्हणजे चिकटण्याचा भाग सर जसा शिकवतात ना, त्याला तोड नाही बाप्पा.

गाईडमध्ये एका ओळीत असते, चिकटपणा गेला की पेशी पसरते. सर म्हणे हे अर्धंच खरं. पावसात काळ्या मातीच्या वावरातून चालताना पाय रुतून बसला तरी जाता येत नाही अन् नुसता घसरत राहिला तरी नाही, पेशीचंही तसंच, पकड बसलीही पाहिजे आणि वेळेवर सुटलीही पाहिजे. मग बोर्डवर सरकणारी पेशी काढली, पुढच्या टोकाला पिवळ्या खडूनं इंटिग्रिनचे, म्हणजे पेशीच्या पकड धरणाऱ्या प्रोटीनचे ठिपके. आतून टॅलिन नावाचं प्रोटीन येऊन लागलं की इंटिग्रिन उघडून सरळ होते आणि पेशीबाहेरच्या जाळ्यातलं फायब्रोनेक्टिन धरते, धरलं की आत फॅक आणि सार्क हे कायनेज (दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेट लावणारे एन्झाइम) चालू, त्यांच्यामुळं रॅक हे प्रोटीन जागं होऊन पुढची कड पसरते, मागं रो हे दुसरं प्रोटीन आकुंचन घडवते आणि कॅल्पेन हे एन्झाइम टॅलिनच कापून टाकते, म्हणजे मागची पकड सुटते. हे सांगता सांगता सरांनी मागचे ठिपके बोटानं एकेक पुसले. पाठ करायची गरजच पडली नाही.

ई-कॅडहेरिनचंही तसंच, हे पेशीला पेशी जोडणारं प्रोटीन. शेजारच्या पेशीला धरायला त्याला कॅल्शियम लागते, म्हणून ईजीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) टाकलं की पेशी एकमेकींपासून सुटतात. टीजीएफ-बीटा या प्रोटीनचा सिग्नल आला की स्नेल, झेब ही प्रोटीनं वाढतात आणि ई-कॅडहेरिनचा जीनच दाबतात. पण म्हणून प्रत्येक कॅन्सरात ते जातेच असं लिहू नका, हे सरांनी ठासून सांगितलं, स्तनाच्या लोब्युलर (दूधग्रंथीच्या) कॅन्सरात बहुतेक वेळा जाते पण डक्टलमध्ये (दूधनलिकेच्या) बऱ्याचदा टिकून असते आणि पेशी घोळक्यानं शिरतात. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांत ई-कॅडहेरिनच्याच जीनमधला बिघाड सापडला, पिढ्यानपिढ्या पोटाचा कॅन्सर चालत आलेला त्यांच्यात. आणि तोंडाच्या कॅन्सरात ई-कॅडहेरिन कमी झालं की आत शिरण्याचा धोका वाढलेला दिसते, हे सांगितलं तेव्हा सगळा वर्ग चूप. आपल्याकडं खर्रा (तंबाखू-सुपारी) न खाणारं घर शोधावं लागते, हा धडा परीक्षेपुरता नाहीच.

खटकलं ते झेरॉक्स नोट्सचं. इतक्या फिक्या की बाणच दिसत नाहीत, आणि सिग्नलिंगमध्ये बाण नाही दिसला तर कोण कोणाला चालू करते हेच कळत नाही, म्हणून बोर्डवरूनच उतरवून घ्या. लाइट गेली की पंखा बंद, उन्हाळ्यात जीव जाते. फी कापूस विकल्यावर हप्त्यानं दिली तरी चालते. नवीन बॅच दिवाळीनंतर, पहिल्या रविवारी लवकर जा, खिडकीजवळची जागा आधी भरते.