पीटी-३ भरून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. म्हणजे सवलतीशिवाय वर्षाचा कर २०,००० रुपये येत असेल, तर तो साधारण १२,००० वर येतो. ही सवलत १९७० पासूनची. मध्ये ती काढली गेली, २०२३ मध्ये राज्य सरकारने पुन्हा दिली आणि नव्याने आकारणी झालेल्या घरमालकांना ती पीटी-३ अर्ज भरून मागावी लागली. या गोंधळातच लोकांचे पैसे उकळले जात आहेत.

फसवणूक बहुतेक एकाच पद्धतीने होते. एखादा माणूस सोसायटीत येतो, 'कर खात्यात ओळख आहे' म्हणतो आणि बिलाची व आधारची प्रत घेतो. अर्जाचे दोन-तीन हजार मागतो. 'बिलही भरून टाकतो, रांग नको' म्हणत कराची रक्कमही रोख घेतो. चार दिवसांनी पावतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. पुढचे बिल पूर्ण दराने आणि थकबाकीसह आले, की घोळ कळतो. अर्ज दिला तरी बिलात बदल दिसायला वेळ लागतो, हे या लोकांना पक्के ठाऊक असते. तेवढा वेळ 'प्रोसेसमध्ये आहे' या एका वाक्यावर निघतो. इकडे थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढत असते. २०,००० थकले तर महिन्याला ४००, दहा महिन्यांत ४,००० रुपये. ती मालकालाच भरावी लागते.

खरे तर या कामाला मध्यस्थ लागतच नाही. २०२३ मध्ये अर्जाचे शुल्क २५ रुपये होते. सोबत दोनच गोष्टी: मालक स्वतः राहतो असे सोसायटीचे पत्र, आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड, रेशनकार्ड यांपैकी एक पुरावा. पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही जोडायची. अर्ज क्षेत्रीय किंवा संपर्क कार्यालयात द्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक (अर्ज मिळाल्याची नोंद) घेतल्याशिवाय निघायचे नाही. एजंट नेमका हाच क्रमांक कधी देत नाही.

पावती खरी की खोटी हे दोन मिनिटांत कळते. महापालिकेच्या मिळकतकर संकेतस्थळावर मिळकत क्रमांक टाका. भरणा तिथे दिसला नाही, तर हातातल्या कागदावर कितीही शिक्के असोत, पैसे जमा झाले असे समजू नका.

दुसरा प्रकार फोनवरचा. 'तुम्ही जादा भरलेला कर परत मिळणार आहे, खाते क्रमांक आणि ओटीपी सांगा.' सवलत परत लागू झाल्यावर जादा भरलेली रक्कम पुढच्या चार वर्षांच्या बिलांत समान हप्त्यांनी वळती करायची, असे ठरले होते. म्हणजे ती बिलातून कमी होणार होती, खात्यात येणार नव्हती. शिवाय खात्यात पैसे टाकायला ओटीपी लागत नाही. तो मागणाऱ्याचा फोन तिथेच ठेवून द्या, आणि त्याने पाठवलेले अ‍ॅप उतरवून घेऊ नका.

तिसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्यात मालकच अडकतो. घर भाड्याने दिलेले असतानाही एजंट 'स्वतः राहतो' असे लिहून देतो. सही मालकाची असते. तपासणीला माणूस आला आणि दारात भाडेकरू भेटला, की सवलत जाते आणि फरक वसूल होतो. दोन फ्लॅट असतील तर सवलत ज्यात राहता त्यालाच, दोन्हींना मागू नका. कोऱ्या अर्जावर सही तर मुळीच करू नका.

पैसे गेलेच असतील तर आधी थकबाकी संकेतस्थळावरून स्वतः भरा, म्हणजे शास्ती थांबेल. वाद नंतर घालता येईल. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणे अवघड. खोटी पावती पोलिसांत द्या, पण मूळ फोटो, नंबर आणि चॅट पुसू नका. एजंटने अर्ज दिला होता की नाही, हे मिळकत क्रमांक घेऊन क्षेत्रीय कार्यालयात विचारा. नसेल तर पीटी-३ स्वतः भरा, आणि चुकीचा भरला असेल तर लेखी दुरुस्ती देऊन तिचाही आवक क्रमांक घ्या.