केपीचा आकडा सोडा, बीझेड बघा: नोआच्या अवकाश-हवामान सेवेबद्दल

हॅम (हौशी) रेडिओवर एचएफ, म्हणजे लघुलहरींचे बँड वापरणाऱ्यांनी अमेरिकेच्या नोआ या सागर-वातावरण संस्थेच्या स्पेस वेदर प्रेडिक्शन सेंटरचं संकेतस्थळ उघडून ठेवावंच. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि सगळ्या वेळा यूटीसीत असतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

बहुतेक जण पहिल्या पानावरचा, भूचुंबकीय वादळाची पातळी दाखवणारा जी-1 ते जी-5 चा रंगीत चौकोन बघतात आणि निघून जातात. तो सगळ्यात कमी कामाचा. जी-पातळी ठरते केपीवरून, आणि केपी हा जमिनीवरच्या चुंबकमापकांवरून काढलेला तीन तासांचा निर्देशांक. तो चढलेला दिसतो तोवर वादळ घरात शिरलेलं असतं. माझ्या फोनवर एक अॅप होतं, ते केपी 5 झाला की कोकलायचं. तोवर माझा 15 मीटरचा बँड केव्हाच झोपलेला असायचा. काढून टाकलं.

खरा माल आहे तो सौरवाऱ्याच्या, म्हणजे सूर्यावरून सतत येणाऱ्या भारित कणांच्या झोताच्या, थेट आलेखांत. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं साधारण 15 लाख किलोमीटरवर, एल-1 बिंदूजवळ असलेली यानं ही मोजमापं पाठवतात. वारा सेकंदाला 400 किलोमीटरनं येत असेल तर हाताशी तासभर मिळतो, 800 असेल तर जेमतेम अर्धा. मी बघते ती बीझेडची लाल रेघ. बीझेड म्हणजे सौरवाऱ्यासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक; उणे आकडा म्हणजे दक्षिणमुखी. वेग 700 असला तरी बीझेड उत्तरेकडे असेल तर मी निवांत गप्पा मारते. वेग 450 च असला पण बीझेड उणे 15 नॅनोटेस्लावर दोन-तीन तास टिकून राहिला, तर सरळ कमी वारंवारतेच्या 40 मीटर बँडवर जाते.

कारण दक्षिणमुखी क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा ध्रुवांकडच्या वरच्या हवेत ओतली जाते. तिथले विद्युतप्रवाह थर्मोस्फिअर तापवतात, हवा फुगते, खालचे नायट्रोजनचे रेणू वर येतात. रेडिओलहरी परत पाठवणाऱ्या आयनोस्फिअरच्या एफ-थरातले इलेक्ट्रॉन मग झपाट्यानं नाहीसे होतात, आणि वरच्या (15 मीटरसारख्या) बँडांच्या लहरी परतून येण्याऐवजी अवकाशात निघून जातात. याच फुगलेल्या हवेनं फेब्रुवारी 2022 मध्ये नुकतेच सोडलेले बहुतेक स्टारलिंक उपग्रह खाली ओढले. 49 पैकी 38 गेले, आणि ते वादळ काही मोठं नव्हतं! चौकोनातल्या आकड्यावर भिस्त ठेवू नका म्हणते ते यासाठी.

सौरज्वाळांनी होणारा रेडिओ ब्लॅकआउट वेगळा, त्यातले क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात. त्यासाठी आयनोस्फिअरच्या खालच्या, लहरी शोषणाऱ्या डी-थराचा नकाशा आहे, तोही चांगला. ध्रुवीय प्रकाशाचा नकाशा सुंदर आहे, पण मला त्याचा उपयोग नाही.

अंदाजाकडून मात्र फार अपेक्षा नको. सूर्यावरून निघालेला ढग कधी पोचणार हे सांगताना कित्येक तासांची चूक होते, आणि त्याचा बीझेड कसा असेल हे तो एल-1 ला पोचेपर्यंत भरवशानं सांगता येत नाही. मे 2024 मध्ये आधी इशारा जी-4 चा होता. वादळ जी-5 वर गेलं, 2003 नंतर पहिल्यांदाच. हा दोष सेवेचा नाही, म्हणून त्याचे गुण कापलेले नाहीत.

अर्धा गुण कापला तो फोनवरच्या आलेखांसाठी. बोटानं ताणून बघितल्याशिवाय बीझेड शून्याच्या वर आहे की खाली, तेच कळत नाही.